पंखा थांबवून घेतलेली आरती

"पंखा थांबल्याशिवाय आरती ऐकू कशी जाणार, मॅडम?"

मी स्टुलावर उभा राहून चार नंबरच्या टाकीला झेंडूचं तोरण बांधत होतो आणि कल्याणी टिळेकर खालून माझ्याकडे बघत होती, म्हणून वाकून तिच्या कानाशी ओरडलो. खंडेनवमीची सकाळ होती. शेडमधल्या सगळ्या टाक्यांवर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती. पाने, हातोड्या, पक्कडी धुऊनपुसून पाटावर मांडायचं काम पोरं करत होती.

"बाकीच्या टाक्यांचे पंखे थांबवा, आप्पा," ती म्हणाली. "फक्त या एका टाकीचा नको."

"का? हिचा देव वेगळा हाय का?"

जवळची पोरं हसली. तीही थोडी हसली, पण जागची हलली नाही. तेव्हा मी स्टुलावरून खाली उतरलो.

ही गोष्ट कुरकुंभच्या एमआयडीसीतली, वीसेक वर्षांपूर्वीची. आमच्या कंपनीत बुरशीपासून औषध तयार व्हायचं. दुमजली घराएवढ्या स्टीलच्या टाकीत साखर आणि सोयाबीनच्या पेंडीचं पाणी भरायचं, त्यात बुरशीचं विरजण लावायचं आणि आठ-नऊ दिवस तिला सांभाळायचं. बुरशीला श्वास लागतो. म्हणून टाकीच्या तळातून हवा सोडलेली असते, आणि ती पाण्यात नीट विरघळावी म्हणून आत एक भलामोठा पंखा रात्रंदिवस ढवळत असतो. या शेडचा मी सुपरवायझर. नाव निवृत्ती भापकर, पण कंपनीत सगळे आप्पाच म्हणायचे. आप्पांना मीटर बघावा लागत नाही, टाकीला कान लावला की आतलं कळतं, असं लोक बोलायचे. त्यात निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं मी कधी खोडून काढलं नाही.

खंडेनवमीला यंत्रांना विसावा द्यायचा असतो. दुसऱ्या कारखान्यांत त्या दिवशी मेन स्विचच पाडतात. आमच्याकडे ते जमत नाही, कारण टाकीत जिवंत माल असतो. म्हणून मी फार पूर्वी एक रीत पाडली होती. हवा चालूच ठेवायची, पण गणपतीची एक आरती होईपर्यंत सगळ्या टाक्यांचे पंखे थांबवायचे. आरती संपली की मी घंटा वाजवायची आणि पॅनेलवरच्या माणसानं पंखे सुरू करायचे. इतक्या वर्षांत त्यापायी एकही बॅच बिघडली नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला त्या आरतीची फार हौस होती. एरवी त्या शेडमध्ये शेजारच्याच्या कानात ओरडून बोलावं लागतं. वर्षातून तेवढाच वेळ तिथं माणसाचा आवाज ऐकू यायचा, आणि तो माझा असायचा. आवाज माझा चांगला होता.

कल्याणी आदल्या वर्षी मुंबईच्या कॉलेजातून कंत्राटावर आली होती. आमची टाकी कॉम्प्युटरमध्ये उभी करायची, हे तिचं काम. साखर इतकी, बुरशी इतकी, हवा इतकी असं सगळं त्यात भरलं की नऊ दिवसांची बॅच चहा पिऊन होईपर्यंत पडद्यावर संपायची. ती त्याला मॉडेल म्हणायची. मग औषधही त्यातूनच काढा की, आम्ही जातो घरी, असं मी तिला पहिल्याच आठवड्यात म्हणालो होतो आणि शेडभर हशा झाला होता. तिनं ते मनावर घेतलं नाही. माझ्या मनात मात्र काहीतरी बसलं असावं, कारण त्यानंतर ती शेडमध्ये आली की माझ्या तोंडून असलंच काही निघायचं.

त्या मॉडेलवर शेकडो बॅच चालवून तिनं साखर देण्याची नवी पद्धत शोधून काढली होती. साखर एकदम न देता थेंबाथेंबानं द्यायची, म्हणजे बुरशी दाट होते आणि औषध जास्त येतं. प्लँटचे मुख्य होते बोंद्रे साहेब. त्यांनी तिला चार नंबरच्या टाकीत तीन बॅच करून बघायला दिल्या. पहिली मध्येच टाकी निर्जंतुक ठेवणारी वाफ गेल्यामुळे वाया गेली, दुसरी चांगली आली. तिसरी त्या दिवशी टाकीत होती. ती साधली तर नवी पद्धत सगळ्या टाक्यांना लागू होणार होती आणि कल्याणी कायम होणार होती. नाही साधली तर मॉडेलचं काम बंद, आणि दिवाळीला तिचं कंत्राट संपणार. कायम होण्याच्या भरवशावर तिनं दौंडला खोली घेऊन आईला आणलं होतं. हे सगळं तिनंच मला एकदा कँटीनमध्ये चहा पिताना सांगितलं होतं.

"आप्पा, या वेळी बुरशी खूप दाट आहे," मी खाली उतरल्यावर ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली. "पंखा थांबला की पाण्यातला सगळा श्वास ती लगेच संपवते. मरत नाही, पण औषध करायचं सोडून देते. आणि आज बॅच नेमकी औषध करायच्या वयात आहे."

"मॉडेल म्हणतंय का?"

"तुमची आरती मॉडेलमध्ये घालूनच बघितली मी. एक आरती झाली तर बुरशी थोडी अडखळते, पण सावरते. त्याच्या पुढे गेलं तर सावरत नाही."

माझी आरती कॉम्प्युटरमध्ये घातली, याचंच मला हसू आलं. पण तिचा चेहरा बघून म्हणालो, "बरं. एकच घेऊ. दरसाल एकच असती."

"एकच ना, आप्पा?"

"एकदा सांगितलं न्हवं?"

थोड्या वेळानं बोंद्रे साहेब नारळ घेऊन आले. ज्याचं जे हत्यार असेल ते त्यानं पाटावर ठेवायचं, ही आमची रीत. मी एकेकाच्या कानात ओरडून तसं सांगितलं. फिटरांनी पाने ठेवले, लॅबच्या बाईंनी काचेची नळी ठेवली. कल्याणीनंही वाकून काहीतरी ठेवलं. मी निरांजन लावत होतो, माझं लक्ष नव्हतं. साहेबांनी नारळ फोडला. मी पॅनेलवरच्या गोरखला खूण केली. त्यानं एकेक बटण दाबलं आणि एकेक करून सगळे पंखे थांबले. इतकी शांतता झाली की वर पत्र्यावर चालणारी कबुतरं ऐकू आली.

मी आरती सुरू केली. पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला. शेवटचं कडवं आलं तेव्हा माझी नजर कल्याणीकडे गेली. ती जिन्यापाशी उभी होती. मान खाली, आणि डावं मनगट उजव्या हातात धरलेलं. घड्याळ बघत होती. साहेबांसमोर, पोरांसमोर, देवासमोर ही कालची मुलगी माझ्या आरतीला घड्याळ लावून उभी आहे, असं मनात आलं आणि डोक्यात तिडीक गेली. गोरख बटणावर बोट ठेवून माझ्या घंटेची वाट बघत होता. मी घंटेला हात लावला नाही. नवरात्र आहे म्हणून देवीची आरती धरली. ती झाल्यावर थोडा थांबून कल्याणीकडे बघितलं, मग शंकराची. साहेबसुद्धा मोठ्यानं म्हणू लागले. त्या दिवशी माझा आवाज जसा लागला तसा पुन्हा कधी लागला नाही. शंकराची आरती संपली, मग मी घंटा वाजवली.

पंखे सुरू झाले. कल्याणीनं पुढे येऊन प्रसाद घेतला, कपाळाला लावला आणि निघून गेली.

दसऱ्याला सोनं वाटताना मी मजेत होतो. त्यानंतर लॅबचे आकडे यायला लागले. टाकीतलं औषध रोज चढायला हवं होतं, ते होतं तिथंच राहिलं. बुरशी जिवंत होती, साखर खात होती, पण काम करत नव्हती. कल्याणी रोज सकाळी लोखंडी जिना चढून टाकीवर यायची, काचेतून आत बघायची आणि खाली उतरायची. मला तिनं एका शब्दानं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काहीतरी ठोकून दिलं असतं आणि मोकळा झालो असतो. ती विचारत नव्हती. कुणी बघत नाही असं पाहून मी टाकीला कान लावला. पंखा छान फिरत होता. त्यापलीकडे माझ्या कानाला काही कळलं नाही.

बॅच उतरवली तेव्हा औषध निम्म्याहूनही कमी भरलं. बोंद्रे साहेबांनी केबिनमध्ये बैठक घेतली. लॅबच्या बाई, दुसऱ्या खात्यांचे दोघे-तिघे, मी आणि कल्याणी. तिनं दोन आलेख टेबलावर ठेवले. एकात पंखा न थांबवता बॅच चालवली होती, आणि औषधाची रेघ शेवटपर्यंत चढत गेली होती. दुसऱ्यात खंडेनवमीला पंखा थांबवला होता. तिथून रेघ आडवी झाली होती, आणि लॅबचे खरे आकडे तिच्यावर ठिपक्यांसारखे बसले होते.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी धरून बघितले. "पंखा किती वेळ थांबला हे तुम्हाला कुठून कळलं?"

प्रश्न रास्त होता. आमच्या मीटरचा गोल कागद दिवसभरात एकदाच फिरायचा, त्याच्यावर आरती म्हणजे नुसती शाईची एक उभी रेघ. ती एका आरतीची का तीन आरत्यांची, हे त्यावरून सांगता आलं नसतं.

"अंदाजे धरला," कल्याणी म्हणाली.

"म्हणजे ठिपके जुळेपर्यंत आकडा बदलत गेलात."

"हो, सर."

दुसरं कुणी असतं तर नाही म्हणालं असतं. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "टिळेकर, कॉम्प्युटरचं काय, आपण सांगू ते तो काढून दाखवतो. तुमची पद्धत बुरशीला झेपली नाही, असं सरळ म्हणा ना."

तेव्हा मी उभा राहिलो. 

"साहेब, पद्धतीचा दोष न्हाई. दोष माझा हाय. एकाच्या वर आरती घेऊ नका, असं मॅडमनी मला सांगितलं हुतं. मी शब्द दिला आणि तीन घेतल्या. मुद्दाम घेतल्या."

"देवाची आरती मुद्दामच घेतात, आप्पा," साहेब म्हणाले, आणि सगळे हसले.

"हसू नका, साहेब. मॅडमला खाली बघायला लावायचं म्हणून घेतल्या. बॅच मी मारली."

हसणं थांबलं. साहेब खुर्चीतून उठून आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. नवीन होते तेव्हा या साहेबांना व्हॉल्व्ह कसा फिरवायचा ते मी शिकवलं होतं, आणि ही गोष्ट ते चारचौघांत कौतुकानं सांगायचे. "बघा, टिळेकर," ते म्हणाले, "तुमची नोकरी जाऊ नये म्हणून हा माणूस स्वतःच्या अंगावर घेतोय. असं कोण करतं आजकाल?"

लॅबच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. मी नाही नाही म्हणत राहिलो. वर्षानुवर्षं आप्पा कधी चुकत नाहीत हे मी लोकांना ऐकवत आलो होतो, आणि आता मी चुकलो म्हणालो तर ते कुणी ऐकायला तयार नव्हतं. जितकं सांगावं तितका मी त्यांच्या नजरेत मोठा होत होतो. साहेब जाणूनबुजून करत होते असं मी म्हणत नाही. पण नारळ त्यांनी फोडला होता. शंकराची आरती त्यांनी माझ्या बरोबरीनं म्हटली होती. आरतीनं बॅच गेली असं धरलं, तर त्या खोलीतल्या प्रत्येकानं टाळ्या वाजवत तिला हातभार लावला होता, आणि तसं धरायची कुणाचीच तयारी नव्हती. कल्याणीनं आलेख गोळा केले. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

शिफ्ट सुटल्यावर मी तिच्या खोलीत गेलो. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं. ती कॉम्प्युटरसमोर बसलेली होती. मला बघून तिनं शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"बरं झालं आलात, आप्पा. मी येणारच होते तुमच्याकडे. एक मदत हवी होती."

"काय बी सांग."

"तिन्ही आरत्या पुन्हा म्हणाल? त्या दिवशी म्हटल्या तशाच. त्याच लयीत."

मला आधी समजलंच नाही. "आता कशाला? निकाल लागला की."

"त्यांचा लागला, माझा नाही," ती म्हणाली. "सर म्हणाले ते बरोबर आहे. आकडा मी जुळवून काढलाय. खरा वेळ कळला तरच मला समजेल, मॉडेल बरोबर आहे की मी स्वतःची समजूत घालतेय."

"पण वेळ तर तू बघितलास की. मनगटावर. आरती चालू असताना."

"घड्याळ पाटावर होतं, आप्पा. ज्याचं जे हत्यार असेल ते ठेवा, असं तुम्हीच म्हणालात ना. कॉम्प्युटर काही उचलून आणता येत नव्हता."

"मग मनगट धरून काय बघत हुतीस?"

"काही नाही. हात थरथरत होता माझा, म्हणून धरला होता. तुम्ही शब्द दिला होता, तर मी घंटेची वाट बघत होते."

लाज हा शब्द मी तोवर आयुष्यात पुष्कळदा वापरला होता. पोरांना लाज नाही म्हणायचो, सरकारला लाज नाही म्हणायचो. ती काय चीज असते हे मला त्या खुर्चीत कळलं. ज्या अपमानाचा सूड म्हणून मी दोन आरत्या वाढवल्या, तो अपमान झालाच नव्हता. 

तिनं पडदा मला दिसणार नाही असा फिरवला. "मॉडेलचा आकडा यावर आहे. तुम्ही तो बघितलात तर गाणं त्या मापाचं होईल," ती म्हणाली. मग हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "ठेका मी धरते."

मी गाऊ लागलो. समोर देव नव्हता, निरांजन नव्हतं. वर ट्यूबलाइट, आणि टेबलावर तिचं काळ्या पट्ट्याचं घड्याळ.  गणपतीच्या दुसऱ्या कडव्यातच तिनं हात वर केला.

"इतकी हळू नव्हती, आप्पा. पुन्हा."

मी पुन्हा सुरुवात केली. ती टाळ्यांचा ठेका देत होती, आणि आता खरोखरच घड्याळाकडे बघत होती. देवीच्या आरतीला तिचे ओठ हलताना मला दिसले. सगळी आरती तिला पाठ होती. त्या दिवशी जिन्यापाशीसुद्धा ती म्हणतच असणार, आणि मला तेवढं मनगट दिसलं होतं. देवीची आरती संपली आणि मी शंकराची धरली, तेव्हा तिनं टाळी थांबवली.

"त्या दिवशी मध्ये थोडे थांबला होतात का?"

"थोडा."

"किती?"

खोटं बोलायची ताकद राहिली नव्हती. "तुझ्याकडं बघितलं हुतं, तेवढा."

"मग तेवढे थांबा," ती म्हणाली. "देवीच्या शेवटच्या कडव्यापासून घेऊ."

मी शेवटचं कडवं म्हटलं आणि थांबलो, आणि तिच्याकडे बघितलं. तीही माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. तिथं फक्त मोजणं होतं. मग मी शंकराची आरती म्हटली, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, आणि तिनं घड्याळ उचललं.

आकडा कागदावर लिहून तिनं पडदा माझ्याकडे वळवला. मॉडेलनं सांगितलेला वेळ आणि माझ्या गाण्याचा वेळ यांच्यात एका श्वासाचा फरक होता.

"बसलं," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा उजळला. मी तिथं आहे हेही ती क्षणभर विसरली होती. मग तिला आठवलं असावं, कारण तिनं पडदा बंद केला.

"चल साहेबांकडं," मी म्हणालो.

"काय सांगणार, आप्पा? तुम्ही गाऊन दाखवलंत म्हणून?"

मी एकटाच गेलो. साहेब गाडीत बसत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. आरत्या पुन्हा म्हटल्या, घड्याळ लावलं, आकडा जुळला, हे सांगितलं. घड्याळ पाटावर होतं आणि मला भलताच संशय आला, तेही सांगितलं. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "तिच्या समाधानासाठी तुम्ही तिन्ही आरत्या पुन्हा म्हटल्यात?" ते म्हणाले. "आप्पा, तुम्ही देवमाणूस आहात." आणि गाडी गेटातून बाहेर पडली.

दिवाळीच्या आधी कल्याणी गेली. शेवटच्या दिवशी शेडमध्ये येऊन माझ्या पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले, पण शेडमध्ये मागे सरकायला जागा नसते. चार नंबरची काळजी घ्या, एवढंच ती म्हणाली. मॅडमनी उपकार मानले बघ आप्पांचे, असं पोरं एकमेकांच्या कानात ओरडत होती. ते मला ऐकू आलं, आणि तिलाही आलं असणार.

हिवाळ्यात औषधाची मागणी वाढली. माल पुरेना, तेव्हा साहेबांनी थेंबाथेंबानं साखर द्यायची ती पद्धत पुन्हा चार नंबरला लावली, माझ्या देखरेखीखाली. मी ना पंखा थांबवला, ना कुणाला टाकीजवळ फिरकू दिलं. औषध भरलं ते कल्याणीच्या पहिल्या आलेखात होतं तेवढंच. मग ती पद्धत सगळ्या टाक्यांना लागली आणि लोक तिला आप्पांची पद्धत म्हणू लागले. साहेबांनी मला शाल दिली. मी म्हणालो, पद्धत टिळेकर मॅडमची आहे, तिला बोलवा. साहेब हसून सगळ्यांकडे वळले आणि म्हणाले, बघा, आप्पांचा मोठेपणा. ती शाल बायकोनं ट्रंकेत ठेवली आहे. मी तिला ती कधी बाहेर काढू दिली नाही.

पुढच्या खंडेनवमीला मी गोरखला सांगितलं, आजपासून पंखे थांबवायचे नाहीत. त्यानं का म्हणून विचारलं नाही. साहेबांनीही विचारलं नाही. आप्पा म्हणतात म्हणजे असेल काहीतरी, असं म्हणून त्यांनी नारळ फोडला. केबिनमध्ये मी पोटतिडकीनं बोललो होतो तेव्हा ज्या शब्दाला कुणी किंमत दिली नाही, तोच शब्द आता सगळे झेलत होते.

त्या दिवशी मी ठरवून आलो होतो. सगळा प्लँट जमलेला होता, पुन्हा अशी संधी आली नसती. पाटासमोर उभा राहून मी बोलायला सुरुवात केली. साखरेची ही पद्धत माझी नाही, कल्याणी टिळेकरची आहे. गेल्या वर्षी तिची बॅच मी मारली, शब्द देऊन मारली, आणि तिची नोकरी घालवली. हे मी घसा फोडून सांगत होतो. पण पंखे चालू होते. त्या घरघरीत समोरच्या माणसालासुद्धा काही ऐकू जात नव्हतं. माझे ओठ हलताना बघून आरती सुरू झाली असं त्यांना वाटलं. सगळ्यांनी हात जोडले, आणि बोंद्रे साहेबांनी डोळे मिटून टाळ्यांचा ठेका धरला.

मी थोडा वेळ तसाच ओरडत राहिलो. मग आरतीच म्हटली. एकच म्हटली, आणि ती मलासुद्धा ऐकू आली नाही.